जुनं ट्रॅक्टर इंजिन बांधताना या चुका टाळा

उलंगवाडी झाली की विदर्भात जुने ट्रॅक्टर मिस्त्रीकडे जातात आणि मृगाच्या आत परत हवे असतात. त्या घाईत नवा लायनर-पिस्टन सेट (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली बाही) बसतो, मोजमाप मात्र राहून जातं. दिवाळीपर्यंत इंजिन पुन्हा ऑइल खायला लागतं आणि खापर फुटतं सामानावर.

न बघता हेड (इंजिनचं वरचं झाकण) उचलणं

काळा धूर बहुतेक वेळा एअर क्लीनर तुंबल्याचा नाहीतर नोझल (डिझेल फवारणारी तोटी) टपकत असल्याचा. त्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. निळसर धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या श्वासनळीतून) भकाभका वाफ येत असेल तर पिस्टनवरच्या रिंगा आणि लायनरचं काम आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी, असं असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडचा तडा तपासा.

रिंगा का गेल्या हे न शोधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) यांच्यामधला रबरी होज काढून वाकवून बघा. भेग बहुधा क्लिपखाली, खालच्या अंगाला असते. वरून होज धडधाकट दिसतो. आतून बोट फिरवा. बोटाला मऊ काळी माती लागली, तर रोटाव्हेटरचा धुरळा तिथूनच सिलिंडरमध्ये जात होता. तोच होज परत लावला तर नव्या रिंगाही लवकरच घासून जातील. एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर त्याच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

क्रँक न मोजता बेअरिंग आणणं

क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन जागी, आडवं-उभं असं मोजा. नुसत्या बोटाने ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) कळत नाही. गोलाई गेली असेल तर क्रँक घासून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज बेअरिंग घ्या. घासून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांत भुकटी अडकलेली असते. प्लग काढून तार फिरवा, डिझेलने धुवा, हवा मारा. एवढं टाळलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी ओरखडतं. मेन (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारं बेअरिंग) आणि बिगेंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) यांच्या कॅप खोलण्याआधी नंबर मारा. त्या अदलाबदल करून चालत नाहीत.

लायनर ठोकून मोकळं होणं

वेट लायनर (बाहेरून पाणी खेळणारा) असेल तर ब्लॉकमधली बैठक खरवडून चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी लायनर तिरका बसतो. लायनरची वरची कड, म्हणजे कॉलर, ब्लॉकच्या वर किती उभी हवी ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं. ते डायल गेजने चारही बाजूंनी बघा. क्रँक चढवण्याआधी वॉटर पंपाचं तोंड बंद करून ब्लॉकमध्ये पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. खाली थेंब दिसला तर लायनरची ओ-रिंग (रबरी सील) पिळली गेली आहे.

रिंग लायनरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि फिलर गेजने फट मोजा. ९० मिमी बोअरला साधारण ०.३० ते ०.४० मिमी. फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनर ओरबाडला जातो.

हेडचे बोल्ट

बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल साचलं असेल आणि तसंच आवळलं, तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आधी हवा मारून भोकं कोरडी करा. मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. नोझलखालचा जुना तांब्याचा वायसर आतच चिकटून राहतो. तो न काढता नवा घातला तर नोझल वर बसतं आणि फवारा बिघडतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

४५ अंशांच्या उन्हात इंजिन तापलं की पहिला बळी थर्मोस्टॅटचाच (इंजिनचं तापमान सांभाळणारा पाण्याचा व्हॉल्व्ह). कारण बहुतेकदा वेगळं असतं: रेडिएटरच्या जाळीत अडकलेला सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू. पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी मारून जाळी साफ करा. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालूच नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

पहिला स्टार्ट

स्टॉपची दांडी ओढून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा, एका वेळी १० सेकंदांहून जास्त नको. नंतर डिझेल लाइनमधली हवा काढा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट. तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. हलकी वखरणी करा. रोटाव्हेटर आणि भरलेली ट्रॉली ५० तास लांब ठेवा.

५० तासांनी ऑइल-फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करा. निघालेलं ऑइल परातीत ओतून उन्हात बघा. थोडी चमक चालते. चंदेरी पापुद्रे दिसले तर खालचं ऑइल चेंबर खोलून बिगेंड तपासल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात नेऊ नका.