नोडमधला इव्हेंट एमिटर कसा वापरायचा, टॉवेलच्या ऑर्डरवरून

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी ऑर्डरचं सॉफ्टवेअर लिहिलंय, त्यात सगळी मदार नोडच्या (Node.js, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) इव्हेंट एमिटरवर आहे, आणि सोलापुरातली कॉलेजची पोरं मला यावर तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

ऑर्डर आली की बिल बनवायचं, स्टॉकमधून डझन कमी करायचे, गोडाऊनला पॅकिंगची चिठ्ठी आणि व्यापाऱ्याला व्हॉट्सॲप. आधी ही चारही कामं एकाच फंक्शनमध्ये कोंबलेली होती, मग मालक म्हणाले ट्रान्सपोर्टवाल्याला पण मेसेज जाऊ दे की, झालं, परत तेच फंक्शन उघडा आणि चालू असलेलं काहीतरी मोडा. एमिटर वापरला की ऑर्डरचा कोड फक्त ‘ऑर्डर आली’ अशी हाळी देतो, ऐकणारे कोण आणि किती याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

वापरायला सोपं आहे. ‘इव्हेंट्स’ मॉड्यूल नोडसोबतच येतं, एनपीएमवरून (नोडची पॅकेजेस जिथून घेतात तिथून) काही आणायचं नाही. त्यातून इव्हेंट एमिटर क्लास घ्या, त्याचा एक ऑब्जेक्ट बनवून वेगळ्या फाईलमधून एक्सपोर्ट करा म्हणजे सगळीकडे तोच मिळेल. मग ‘ऑन’ला इव्हेंटचं नाव आणि फंक्शन द्या, आणि ऑर्डर सेव्ह झाल्यावर ‘एमिट’ला तेच नाव आणि ऑर्डरचा डेटा. एकदाच ऐकायचं असेल तर ‘वन्स’.

आता खरा मुद्दा, इथंच बहुतेक जण अडकतात. एमिट म्हणजे बॅकग्राऊंडला टाकलेलं काम नव्हे! लिसनर, म्हणजे ‘ऑन’ला दिलेली फंक्शन्स, ज्या क्रमानं जोडले त्याच क्रमानं, एकामागून एक, तिथल्या तिथं चालतात, आणि ते संपल्यावरच एमिटच्या पुढची ओळ चालते. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) ठरलेल्या क्रमानं निघतात ना, पुढचा थांबला की मागचे थांबले, तसंच. आमच्याकडे एका व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर भरलेला नव्हता, बिलाच्या लिसनरनं एरर फेकली आणि त्याच्या मागचा स्टॉकचा लिसनर चाललाच नाही, माल गेला पण स्टॉक तेवढाच, दोन दिवस हिशोब लागेना. तेव्हापासून प्रत्येक लिसनरच्या आत ट्राय-कॅच (एरर तिथंच पकडणारा कोड) लावतोच, तुम्ही पण लावा.

लिसनर असिंक असेल, म्हणजे त्याचं काम नंतर पूर्ण होणारं असेल, तर वेगळी गोष्ट, एमिट त्याच्यासाठी थांबत नाही, आणि आत प्रॉमिस रिजेक्ट झालं (ते नंतरचं काम फसलं) आणि कुणी पकडलं नाही तर नोड 15 पासून पुढं अख्खी प्रोसेस बंद पडते. एमिटर बनवताना ‘कॅप्चर रिजेक्शन्स’ ऑन केलं तर ती चूक ‘एरर’ इव्हेंटकडे येते. पण ‘एरर’ नावाच्या इव्हेंटला एकही लिसनर नसेल आणि तो एमिट झाला तर नोड ती एरर फेकतो, ती कुणी पकडली नाही तर प्रोसेस गेलीच, म्हणून ‘एरर’चा लिसनर सगळ्यात आधी जोडायचा.

दुसरी हमखास चूक म्हणजे रिक्वेस्टच्या हँडलरच्या आत ‘ऑन’ लिहिणं. प्रत्येक रिक्वेस्टला नवा लिसनर चिकटतो, मग एकाच व्यापाऱ्याला एकच मेसेज पाच वेळा जातो. एका इव्हेंटवर 10 पेक्षा जास्त लिसनर झाले की नोड मेमरी लीकची वॉर्निंग देतो, तेव्हा ‘सेट मॅक्स लिसनर्स’ वाढवून ती गप्प करू नका, आधी ‘लिसनर काउंट’ छापून बघा कुठं वाढतायत ते. ‘ऑन’ सगळे ॲप सुरू होताना एकाच फाईलमध्ये. काढायचा असेल तर ‘ऑफ’, पण त्याला जोडलेलंच फंक्शन द्यावं लागतं, तिथं तसंच दिसणारं नवं ॲरो फंक्शन लिहिलं तर काहीच निघत नाही आणि एररही येत नाही, म्हणून फंक्शनला नाव देऊन ठेवा.

आणि काहीच होत नसेल तर एमिट काय परत देतो ते बघा, ऐकणारा कुणी नसेल तर फॉल्स येतं. बहुतेक वेळा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो, त्यासाठी आम्ही सगळी नावं कॉन्स्टंटच्या एका फाईलमध्ये ठेवलीत.