तीन कॅमेऱ्यांचे फुटेज टाइमकोडने कसे जुळवावे

कोकणातल्या जत्रेत दशावतारी नाटक पालखीनंतर उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. असा प्रयोग तीन कॅमेऱ्यांवर आणि एका वेगळ्या साउंड रेकॉर्डरवर टिपला, तर दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसणाऱ्यासमोर क्लिप्सचा ढीग पडतो. वाइड, क्लोजअप, वादकांचा कॅमेरा, प्रत्येकाच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या वेळी बदललेल्या, कार्डे वेगवेगळ्या वेळी भरलेली. कोणत्या क्लिपमधला संकासूर कोणत्या क्लिपमधल्या पखवाजावर नाचतो आहे, हे डोळ्यांनी हुडकत बसायचे की आकड्यांवर सोपवायचे, हे मात्र शूटच्या संध्याकाळीच ठरून गेलेले असते. एडिटिंग सॉफ्टवेअर फक्त आकडे वाचते. ते आकडे खरे असण्याची जबाबदारी मांडावर, म्हणजे प्रयोगाच्या जागी, उभ्या असलेल्या माणसांची आहे. म्हणून या लेखाचा बराचसा भाग सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या कामाविषयी आहे.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला पत्ता: तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. १०:४२:१७:०८ याचा अर्थ दहा तास, बेचाळीस मिनिटे, सतरा सेकंद आणि आठ क्रमांकाचा फ्रेम. सगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी हाच आकडा उमटला असेल, तर क्लिप्स आपोआप एकाखाली एक बसतात. कॅमेऱ्याच्या मेनूत याचे दोन प्रकार दिसतात. ‘रेक रन’मध्ये आकडा फक्त रेकॉर्डिंग चालू असताना पुढे सरकतो, त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांच्या कामाला तो निरुपयोगी आहे. आपल्याला हवा तो ‘फ्री रन’. रेकॉर्डिंग चालू असो वा नसो, यात घड्याळ चालतच राहते.

सर्व कॅमेऱ्यांचा फ्रेम रेट एकच ठेवावा. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटर घेतले की मांडवातल्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत, आणि आकडेमोडही सोपी राहते. अमेरिकेतल्या मंडळाच्या कार्यक्रमाचे २९.९७ फ्रेमचे फुटेज कधी हाती आले, तर ते ‘ड्रॉप फ्रेम’ आहे की ‘नॉन ड्रॉप’ हे आधी विचारावे. ड्रॉप फ्रेममध्ये एकही चित्र गळत नाही, फक्त क्रमांक वगळले जातात: दर मिनिटाला दोन, प्रत्येक दहावे मिनिट सोडून, म्हणजे तासाला १०८. एक कॅमेरा या पद्धतीने आणि दुसरा त्या पद्धतीने मोजत असेल, तर तासाभरात दोघांमध्ये साडेतीन सेकंदांहून अधिक अंतर पडते.

आता घड्याळे मिळवणे. याला ‘जॅम करणे’ म्हणतात. टाइमकोड बॉक्स म्हणजे कॅमेऱ्याला टाइमकोड पुरवणारी छोटी पेटी; असा एक बॉक्स मुख्य मानावा, बाकीचे बॉक्स आणि रेकॉर्डर त्याच्यावरून जॅम करावेत, आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर एकेक बॉक्स लावून तो रात्रभर तिथेच राहू द्यावा. एकदा जॅम करून केबल काढून टाकली तरी चालेल, असे वाटते, पण कॅमेऱ्याचे घड्याळ चालवणाऱ्या आतल्या साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत दहा भाग एवढी जरी असली, तरी तासाला ३६ मिलिसेकंद होतात, आणि २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांचा असतो. रात्री दहाला जुळलेले कॅमेरे पहाटे चारपर्यंत पाच फ्रेमने फाकलेले असू शकतात. बॉक्समधला स्फटिक तापमानाप्रमाणे दुरुस्त होणारा असतो, म्हणून तो रात्रभर फारसा हलत नाही. बॉक्स लावलेला नसेल, तर प्रत्येक बॅटरीबदलानंतर पुन्हा जॅम करणे भाग आहे. एका जत्रेत मी हे विसरलो आणि रात्री अडीचनंतर एक कॅमेरा शून्यापासून मोजत बसला. त्या तीन तासांच्या क्लिप्स झांजेच्या एकेका ठोक्यावरून हाताने बसवाव्या लागल्या.

मिररलेस कॅमेऱ्यांना बहुधा टाइमकोडची वेगळी खाच नसते. तिथे टाइमकोड आवाजाच्या रूपाने, माइकच्या खाचेतून, एका ध्वनिमार्गावर नोंदवतात; यालाच एलटीसी म्हणतात. प्रत्येक फ्रेमला ८० बिट, म्हणजे २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट, एवढी माहिती त्या कर्कश गुणगुणीत असते. डाव्या चॅनेलवर कोड आणि उजव्या चॅनेलवर साधा माइक अशी विभागणी ठेवावी. अनेक बॉक्समध्ये त्यासाठी छोटा माइक बसवलेलाच असतो. कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद करावा आणि पातळी उणे वीस ते उणे बारा डेसिबलच्या दरम्यान ठेवावी. आवाज फाटला किंवा फारच दबला, तर पुढे सॉफ्टवेअरला कोड वाचता येत नाही, आणि ते मांडावर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण चित्र तर व्यवस्थित दिसत असते.

रात्रभराच्या प्रयोगात मध्यरात्रीची एक हमखास अडचण असते. बॉक्स खऱ्या वेळेवर लावले असतील, तर २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० येते, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मध्यरात्रीनंतरचे आख्यान प्रयोगाच्या सुरुवातीच्या गणपतीच्या आधीच घडलेले ठरते. यावर माझा उपाय साधा आहे: मुख्य बॉक्स बारा तासांनी मागे लावायचा. रात्रीचे नऊ म्हणजे ०९, मध्यरात्र म्हणजे १२ आणि पहाटेचे तीन म्हणजे १५. भिंतीवरच्या घड्याळाशी ताळा मनातल्या मनात होतो आणि शून्य कधी ओलांडावे लागत नाही. हे आधी जमले नसेल, तर मध्यरात्रीपूर्वीच्या आणि नंतरच्या क्लिप्सचे दोन वेगळे मल्टिकॅम (सगळे कॅमेरे एकत्र जुळवलेली क्लिप) करावेत.

प्रयोग सुरू होण्यापूर्वी तिन्ही कॅमेरे एकाच जागी रोखून, रेकॉर्डर चालू ठेवून, एक टाळी नोंदवावी. शेवटीही तसेच करावे. टाइमकोड असताना टाळी कशाला, असे सहकारी विचारतात. ती जुळवण्यासाठी नसून तपासण्यासाठी आहे.

एडिटिंगच्या टेबलावर डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर असेल, तर फुटेज आत घेण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट २५ करावा, कारण मीडिया आत आल्यावर तो बदलता येत नाही. मग मीडिया पूल (आत घेतलेल्या क्लिप्सचा साठा) यादीच्या रूपात उघडून ‘स्टार्ट टीसी’ हा रकाना वरून खाली वाचावा. या दोन मिनिटांत निम्म्या चुका सापडतात: ००:००:००:०० ने सुरू होणारी क्लिप म्हणजे जॅम सुटलेला कॅमेरा, किंवा एलटीसी अजून वाचलेला नाही असा कॅमेरा. दुसऱ्या प्रकारच्या क्लिप्स निवडून उजवी क्लिक करावी आणि ‘अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक’ ही आज्ञा द्यावी. रकान्यातले आकडे समोर बदलताना दिसतात. रेकॉर्डरच्या वेव्ह फाइलमध्ये फ्रेम नसतात, मध्यरात्रीपासून किती सॅम्पल (आवाजाचे नमुने) झाले याची नोंद असते. ४८ किलोहर्ट्झला एका फ्रेमचे १९२० सॅम्पल होतात आणि तो हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करते.

त्यानंतर प्रत्येक क्लिपच्या मेटाडेटात, म्हणजे तिच्यासोबतच्या माहितीत, कॅमेऱ्याचे नाव भरावे. हे कंटाळवाणे काम टाळले, तर प्रत्येक क्लिपचा वेगळा अँगल बनतो आणि तीनऐवजी तीस चौकटी समोर येतात. सर्व क्लिप्स आणि वेव्ह फाइल निवडून ‘क्रिएट न्यू मल्टिकॅम क्लिप युझिंग सिलेक्टेड क्लिप्स’ घ्यावे, ‘अँगल सिंक’मध्ये ‘टाइमकोड’ निवडावे, अँगलचे नाव मेटाडेटातल्या कॅमेऱ्यावरून घ्यायला सांगावे. तयार झालेली मल्टिकॅम क्लिप ‘ओपन इन टाइमलाइन’ने उघडली, की प्रत्येक कॅमेरा आपापल्या ओळीत, मधल्या मोकळ्या जागांसकट, मांडलेला दिसतो.

आता टाळीपाशी जावे. तिन्ही चित्रांत हात एकाच फ्रेमवर मिटतात का, हे पाहावे. एखादा कॅमेरा सतत एका फ्रेमने मागे असेल, तर तो त्या कॅमेऱ्याचा स्वभाव समजावा. काही कॅमेरे चित्र प्रक्रियेत तेवढा वेळ घेतात. त्याच्या सर्व क्लिप्स निवडून स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाच्या कळीने एकेक फ्रेम सरकवाव्यात, आणि तो फरक वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या वेळीही तो तेवढाच येतो. सुरुवातीची टाळी जुळते पण शेवटची जुळत नाही, अशी स्थिती असेल तर तो ड्रिफ्ट आहे. टाइमकोड क्लिपची सुरुवात योग्य जागी बसवतो. दोन तासांच्या अखंड क्लिपच्या पोटात कॅमेरा आपल्या वेगाने चालत राहिला, तर त्याला आवर घालत नाही. म्हणून आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) संपून आख्यान सुरू होण्याच्या मधल्या जागेत आणि नंतरही जमेल तसे रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करावे.

तपासताना कानावर विसंबू नये. रेकॉर्डर पायपेटीजवळ आणि वाइड कॅमेरा मांडाच्या दुसऱ्या टोकाला असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे २७-२८ मीटर दूरच्या कॅमेऱ्याच्या माइकवर तो दोन फ्रेम उशिरा पोहोचतो. आवाजाच्या लहरी जुळवून सिंक करणारी सोय याच कारणाने फसते: ती दोन आवाज तंतोतंत एकावर एक आणते आणि चित्र दोन फ्रेम आधी आणते. टाइमकोडने जुळवल्यावर दूरच्या कॅमेऱ्याचा आवाज थोडा घुमल्यासारखा ऐकू आला, तर ती चूक नसून अंतर आहे. तो ट्रॅक बंद करावा आणि रेकॉर्डरचाच आवाज ठेवावा. एलटीसीचा ट्रॅक तर सर्वांत आधी बंद करावा; निर्यात झालेल्या फाइलमध्ये ती गुणगुण राहिल्याचे ऐकण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

पुढचे काम आनंदाचे आहे. क्लिप टाइमलाइनवर घेऊन सोर्स व्ह्यूअर मल्टिकॅमवर ठेवावा, स्विचिंग फक्त चित्रापुरते ठेवावे आणि प्रयोग चालवत अंकांच्या कळा दाबत कापत जावे. आधीचा कट तसाच ठेवून फक्त कॅमेरा बदलायचा असेल तर ऑल्टसह अंक दाबावा.

प्रीमिअर प्रोमध्ये ‘क्रिएट मल्टी-कॅमेरा सोर्स सीक्वेन्स’मध्ये ‘टाइमकोड’ निवडावे. तिथे तासांचा आकडा दुर्लक्षित करण्याची सोय आहे, जी तासाच्या जागी कॅमेऱ्याचा क्रमांक लावण्याच्या जुन्या पद्धतीच्या फुटेजला उपयोगी पडते. फायनल कट प्रोमध्ये नवीन मल्टिकॅम क्लिप करताना ‘अँगल सिंक्रोनायझेशन’ला ‘टाइमकोड’ द्यावे. दोन्हींसाठी ध्वनिमार्गातला कोड आधीच फाइलमध्ये लिहून घेतलेला बरा. बॉक्स बनवणाऱ्या कंपन्यांची त्यासाठी छोटी सॉफ्टवेअर मिळतात.

गावातल्या कोणीतरी फोनवर घेतलेला एखादा सुंदर तुकडाही शेवटी वापरावासा वाटतो. फोनच्या साध्या कॅमेरा ॲपचा फ्रेम रेट अनेकदा बदलता असतो, म्हणून तो आधी हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर २५ फ्रेममध्ये बदलावा, मग रेकॉर्डरवरचा झांजेचा एखादा ठळक ठोका पकडून त्याला हाताने जागा द्यावी, आणि मल्टिकॅममध्ये न मिसळता वरच्या वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा.