कादंबरी आठव्या प्रकरणात अडकायची. आराखडा शेवटाकडून लावला आणि सुटली

लक्षण: पहिली ७ प्रकरणं सुसाट, आठव्यात पात्रं नुसती चहा पीत बसतात. प्रकरणवार सारांश लिहिला, पात्रांच्या कुंडल्या मांडल्या, उपयोग शून्य. ३ मसुदे रद्दीत गेले.

क्रम असा ठेवा. शेवटचा प्रसंग आधी एका कार्डावर लिहा. मग मागे मागे येत दर वेळी विचारा, ‘हे घडायला त्याआधी काय घडलंच पाहिजे?’ साधारण ४० कार्डं होतात. प्रत्येकावर तीनच ओळी: कोणाला काय हवंय, आडवं काय येतं, शेवटी काय बदललं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर कार्ड फाडा. चहापान तिथंच सापडतं. आता कार्डं सुलट लावा आणि दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का बघा. फक्त ‘आणि मग’ बसत असेल तर सांधा निखळलाय.

शेवटी कोपऱ्यात महिना टाका. नाशिकची द्राक्षबाग गोष्टीत असेल तर हे टाळूच नका. गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची) ऑक्टोबरच्या आसपास, तोडणी त्यानंतर साधारण ४ महिन्यांनी. आराखड्यात तोडणी आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला टेकलेलं गोदेचं पुराचं पाणी एकाच आठवड्यात आलं होतं! पूर ऑगस्टात हलवला, आणि नायकाच्या कर्जाचं कारणही तिथंच मिळालं.