ऑटिस्टिक मूल आणि नोकरी: राजीनाम्याआधी एवढं करा

डायग्नोसिस झालं की लगेच राजीनामा देऊ नका गं, मी तर टाईप करून ठेवला होता. आधी यूडीआयडी कार्डचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरा, पुढचं बरंच त्यावर चालतं, नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा घ्या, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च बसतो त्यात. केंद्र सरकारी नोकरी असेल तर ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. खाजगीत मात्र मॅनेजरला नेमकं सांगा, मंगळवार-गुरुवार चारला निघणार, रात्री तासभर भरून काढणार, नुसतं "जरा अ‍ॅडजस्ट करा" म्हटलं की कोणी लक्षात ठेवत नाही. घरी दाराजवळ चित्रांचं वेळापत्रक लावा, आई ऑफिसला, मग आजी, मग आई परत, माझ्या लेकाचं सकाळचं रडणं त्यानेच कमी झालं, आणि आजीलाही एकदा मुलाच्या थेरपीला सोबत न्याच.