बॅटरी बदलण्याआधी ती का उतरली ते शोधावे

दुचाकी दुरुस्तीचे काम शिकत असताना एकच स्कूटर चार महिन्यांत तिसऱ्यांदा बॅटरी उतरल्याची तक्रार घेऊन माझ्यापुढे आली. आधीच्या दोन्ही वेळा मी नवी बॅटरी बसवून गाडी सोडली होती आणि ती का उतरली हे तपासलेच नव्हते. नव्याने या कामात येणाऱ्यांनी ही चूक करू नये, म्हणून त्या तपासणीचा क्रम येथे सांगतो.

प्रथम बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भारली आणि काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी निरोगी असेल तर अशा वेळी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते आणि आकडा १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढची मोजमापे घेऊ नयेत, कारण ती हमखास दिशाभूल करतात. या बॅटरीने १२.६ दाखवले आणि सेल्फ मारतानाही व्होल्टेज १० च्या खाली गेले नाही, तेव्हा दोष बॅटरीत नाही हे मला पटले.

मग इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा वाढवला. या स्थितीत बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, बिघडलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि अशा गाडीत बॅटरी गरम होऊन फुगते. येथे मात्र आकडा १२.९ वरच अडला होता. रेग्युलेटरच बदलावा असे वाटत होते, पण त्याच्या आउटपुट वायरवर मोजले तर १४.२ व्होल्ट मिळाले. म्हणजे चार्जिंग तयार होत होते आणि वाटेतच कुठेतरी अडत होते.

वायरीचा माग काढत गेलो तेव्हा पुढच्या पॅनेलमागे एक कनेक्टर सापडला. त्याचे पांढरे प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी पडले होते आणि आतल्या तांब्याच्या पिनेवर हिरवट थर चढला होता. सैल पिनेला रोध वाढतो, रोधामुळे ती तापते आणि तापून आणखी सैल होते. अशा गाडीत बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि नवी बॅटरीही काही आठवड्यांत निकामी होते.

चार्जिंग ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये (मालिकेत) मीटर लावावा आणि गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही वाहणारा प्रवाह, मोजावी. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. नंतर बसवलेल्या अलार्मसारख्या उपकरणाने सतत १०० मिलिअँपिअर ओढले तर दिवसाला २.४ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसही टिकत नाही.

त्या स्कूटरची जळकी पिन कापून नवी दाबून बसवली आणि बॅटरीवर पुन्हा मोजले, तेव्हा १४.१ व्होल्ट आले. महिन्याभराने गाडी मुद्दाम बोलावून घेतली. रात्रभर उभी ठेवल्यावर बॅटरी १२.७ दाखवत होती, तेव्हा या कनेक्टरकडे पहिल्याच वेळी पाहायला हवे होते, असे मी मालकांना स्पष्ट सांगितले.