भावंडांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो : या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी पोरांना घेऊन आल्या की खानदेशातल्या स्टुडिओंमध्ये भावंडांच्या फोटोंची गर्दी होते. हल्ली तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट हवा असतो. हौस चांगलीच आहे. पण नव्याने धंद्यात आलेली मंडळी त्याच त्या चुका करतात आणि बिघडलेल्या फाईली दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येतात.

पहिली चूक कपड्यांची. ‘आत्ता काढून घेऊ, रंग नंतर उडवू’ असं म्हणून मुलं आली तशी बसवतात. एका कुटुंबाने धाकट्याचं जावळ काढण्याआधी बहीण-भावाचा फोटो दुसरीकडे काढून घेतला होता. ताईला गडद लाल मखमली फ्रॉक, तिच्या मांडीवरच्या बाळाला गडद हिरवा कुर्ता. रंगीत असताना जोडी शोभून दिसली असेल. काढणाऱ्याने एका बटणात रंग उडवले आणि लाल-हिरवं दोन्ही एकाच राखाडी छटेत गेलं. बाळाचं अंगच नाहीसं झालं, फ्रॉकमधून नुसतं डोकं वर आलेलं. आई म्हणाली, “भाऊ, बाळ जरा वेगळं दिसेल असं करता येईल का?” रंगीत फाईल असती तर लाल स्लायडर (एकेका रंगाची राखाडी छटा फिकट-गडद करणारी पट्टी) वर, हिरवा खाली, पाच मिनिटांचं काम. पण मूळ फाईल पुसलेली, हातात फक्त राखाडी जेपेग. त्यातून लाल कुठलं नि हिरवं कुठलं हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. मी ब्रशने कुर्त्याची कड हाताने उजळत बसलो. बाळ दिसू लागलं, पण बाहीच्या चुण्या काही परत आल्या नाहीत. आणि जावळ तर निघून गेलेलं, पुन्हा बसवायचं कुणाला?

म्हणून माझ्याकडे फोन आला की मी आधी कपड्यांचंच विचारतो. एकाला फिकट, दुसऱ्याला गडद. छातीवर कार्टून नको, बारीक चट्टेपट्टे नकोत. काळ्या पडद्यापुढे काळा शर्ट तर नकोच. मुलं आली की दोघांचे कपडे शेजारी धरून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पाहतो. कॅमेरा ‘रॉ’ (RAW, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) वर ठेवतो, त्याच्या पडद्यावर मात्र मोनोक्रोम लावतो. म्हणजे दिसतं राखाडी आणि फाईलमध्ये रंग शिल्लक राहतात. ती फाईल ग्राहकाने प्रिंट नेली तरी पुसत नाही.

दुसरी चूक मला त्याहून जास्त लागते. एक भावंड सावळं, दुसरं उजळ, आणि आजी मागून सांगते, “भाऊ, पोरले जरा गोरी करी द्या ना!” मग नारिंगी स्लायडर ओढून दोघांना सारखं पांढरं केलं जातं. त्वचेचा रंग बहुतेक नारिंगीतच असतो, त्यामुळे तो ओढला की गाल सपाट होतात, नाकाची कड जाते. लाल ओढला तर ओठही फिके पडतात. मुलीचा चेहरा तिचा राहत नाही. मोठेपणी ती हा फोटो बघणार आहे, तिला आपण काय सांगतोय? मी हे करत नाही, आजींना समजावून सांगतो आणि दुरुस्ती उजेडात करतो.

सावळ्या मुलाला लाईटच्या बाजूला बसवा, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा शीट धरा. लाईट मात्र अगदी जवळ नको. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा, पांढरं कापड लावलेला लाईट) एका मुलापासून ३ फुटांवर आणि दुसरं साडेचार फुटांवर असेल, तर दुसऱ्याला निम्म्याहून कमी उजेड मिळतो. तोच लाईट ६ फुटांवर नेला, तर दुसरं साडेसात फुटांवर जातं आणि त्याला पहिल्याच्या साधारण दोन-तृतीयांश मिळतो. लाईट लांब नेल्याने उजेड जरा कडक होतो, तेवढं चालतं. सावली उरली तर उरू द्या. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे. १९८९ साली ते गेले. त्यांची कृष्णधवल पोर्ट्रेट एकदा जाऊन निवांत बघा, मग प्रत्येक सावली पुसायची घाई होणार नाही.

पावडर थापून आणू नका. कपाळ पांढरंफटक पडतं. गालावरची तीट राखाडी फोटोत भोक पडल्यासारखी दिसते, ती कानामागे लावा. चपचपीत तेल लावलेले केस चमकतात. मे महिन्यात उन्हातून आलेल्या मुलांना आधी पंख्याखाली बसवा, पाणी द्या, घाम मऊ रुमालाने टिपा.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडून धूसर पार्श्वभूमीचा सोस एकट्या मुलाला ठीक. दोघं मागे-पुढे बसतात, त्यामुळे एक हमखास धूसर होतो. मी ते लहान करून एफ ८ वर ठेवतो, म्हणजे दोघंही स्पष्ट येतात, आणि कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर बसून.

“हस ना, हस!” असं पाच जणांनी ओरडणं बंद करा. प्रत्येकाकडे मूल बघतं आणि नजर पाच दिशांना फिरते. आईला एकटीला माझ्या खांद्यामागे उभी करतो, बाकीचे बाहेर. मोठ्या भावाला म्हणतो, “छोटीच्या कानात तुझ्या शाळेतलं एक गुपित सांग.” तो खाली वाकतो, डोकी जवळ येतात, आणि ऐकणारीच्या चेहऱ्यावर जे येतं ते सांगून येत नाही. थांबावं लागतं, एवढंच. दहा मिनिटांत आटपायची घाई असणाऱ्यांनी मुलांचे फोटो घेऊच नयेत. बाळाला उंच स्टूलवर बसवायचं असेल तर एका माणसाचा हात सतत पाठीशी हवा; तो हात नंतर पुसता येतो.

फोटो राखाडी आणि फुगा तेवढा लाल, असं कुणी मागितलं तर मी नम्रपणे नाही म्हणतो. नजर फुग्यावर जाते, मुलांवर नाही.

शेवटी प्रिंट. रंगीत कागदावर छापलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो कधी हिरवट, कधी गुलाबी झाक घेऊन येतो. मोठी फ्रेम करण्याआधी लॅबकडून ४ बाय ६ ची एक चाचणी मागवा आणि ती दुकानाच्या ट्यूबलाईटखाली नाही, दाराशी दिवसाच्या उजेडात बघा. झाक दिसली तर परत पाठवा. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर गडद भागात समोरची खिडकी दिसते.