सबसिडी अडकली होती, आधारमुळे (माझा अनुभव)

२०१९ला बदलापूरला वन बीएचके घेतला, प्रधानमंत्री आवास योजनेत ६ लाखांपर्यंतच्या लोनवर तेव्हा ६.५ टक्के व्याज सबसिडी म्हणजे जास्तीत जास्त २.६७ लाख मिळायचे, आणि आमच्या उत्पन्न गटात घर बाईच्या नावावर किंवा जॉइंट लागायचं म्हणून बायकोचं नाव टाकलं. आठ महिने काहीच नाही! बँकवाले "वरून येईल" एवढंच. शेवटी स्वतः झेरॉक्स काढून बसलो तर आधारवर माहेरचं नाव, ॲग्रीमेंटवर सासरचं, लग्नात तांदळात लिहिलेलं नवीन नाव पण त्यात (आईची हौस). मॅरेज सर्टिफिकेट दाखवून आधार अपडेट केलं, बँकेत परत क्लेम टाकायला लावला. दीड महिन्यात पैसे थेट लोन खात्यात, हप्ता कमी झाला.